वीणेला कान कोणता लावावा?

तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वीस-पंचवीस किलोमीटरांच्या अंतरावर, ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. हे नाव महाराष्ट्रात फारसे कोणाच्या कानी नाही. परंतु मराठी माणसाने वाट वाकडी करून पाहावी अशी एक वास्तू तेथे आहे. मुक्तांबाळ छत्रम् हे तिचे नाव. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी यांनी १९व्या शतकाच्या आरंभी, आपल्या प्रिय मुक्तांबाळेच्या नावाने हे छत्र उभारले. रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंना येथे अन्न आणि निवारा मिळे, आणि मुलांच्या विद्याभ्यासाचीही सोय होती. गावालाही त्या काळी मुक्तांबाळपुरम् असे म्हणत.

या छत्राची आठवण आज काढावयाची ती वाद्यांच्या निमित्ताने. ज्या राजाने वाटसरूंसाठी दारे उघडी ठेविली, त्याने परक्या वाद्यांसाठीही राजवाड्याचे दार उघडे ठेविले होते. सरफोजींचा अंमल १७९८ ते १८३२ असा. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांच्या वाड्यात पाश्चात्त्य वाद्यवृंद वाजे, आणि त्या संगीताच्या स्वरलिपी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पाहावयास मिळतात. व्हायोलिन हे परके वाद्य दक्षिणेच्या संगीतात रुजले तेही याच कालखंडात. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी आणि तंजावरच्या प्रसिद्ध चौघा भावांपैकी वडिवेलु, ही त्यातील दोन ठळक नावे. त्यांनी व्हायोलिन जसेच्या तसे उचलले नाही. युरोपात उभ्याने, हनुवटीखाली धरून वाजवितात ते वाद्य दक्षिणेत मांडी घालून, त्याचे डोके पायाच्या घोट्यावर टेकवून वाजविले जाऊ लागले. आणि त्याच्या चार तारा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा लावल्या गेल्या. वाद्य परक्याचे, बैठक आणि जुळणी मात्र आपली, असा हा व्यवहार होता.

आज तंजावरच्या वीणेपुढे असाच एक व्यवहार उभा आहे. या वेळी मात्र परदेशातून आले आहे ते वाद्य नव्हे, तर वाद्याला लावावयाचा कान आहे. इंग्रजीतून आलेला पिकअप हा शब्द आता सर्वांच्या तोंडी बसला आहे, म्हणून मीही तोच वापरतो. वीणेचा आवाज मृदू. राजवाड्याच्या दालनात, पन्नास रसिकांपुढे तो पुरे. आमच्या नभोवाणीच्या निःशब्द कक्षातही एका चांगल्या मायक्रोफोनपुढे तो सुखाने नांदतो. परंतु हजार माणसांच्या सभागृहात, शेजारी मृदंग आणि घटम् घुमत असता, त्या आवाजाला आधार हवा. समोर ठेवलेल्या मायक्रोफोनची मात्रा वाढवीत गेले, की ध्वनिक्षेपकातून निघालेला आवाज पुन्हा त्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि सभागृहात ती कर्कश शिट्टी घुमू लागते. तेव्हा कान वाद्याच्या अंगालाच लावणे प्राप्त होते. प्रश्न एवढाच, की कोणता?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला थोडे दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जावे लागेल. कारण तारेला पिकअप लावण्याचे शास्त्र गिटारवाल्यांनी सिद्ध केले. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे त्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. चुंबकी पिकअप म्हणजे हाच नियम. लोहचुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो फेरे घालावयाचे आणि ते वेटोळे पोलादी तारांच्या खाली बसवावयाचे. पोलादी तार कंपित झाली, की चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर हेलकावते आणि वेटोळ्यात तसाच प्रवाह उठतो. १९३१ साली बोशँ यांनी अमेरिकेत अशी गिटार सिद्ध केली, तिचा आकार तव्यासारखा होता. पुढे १९५० च्या सुमारास लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. भरीव लाकूड का? पोकळ पेटी ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने स्वतःच कंप पावू लागते आणि शिट्टी घालते. लाकडाला गप्प बसविले, की तार आणि चुंबक एवढेच उरतात.

ही गिटार ज्यांनी सर्वांत धीटपणे वाजविली, त्यांत कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या तरुणांची गणना केली पाहिजे. फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होण्याच्या त्यांच्या खेळावरून त्या संगीताला सर्फ-संगीत असे नाव पडले. डिक डेल हा त्याचा अग्रणी. वडिलांकडून तो लेबनानी घराण्यातला. १९६२ साली त्याने ‘मिसिर्लू’ नावाची पूर्व भूमध्य प्रदेशातील एक जुनी चाल एका तारेवर, अतिजलद खाली-वर आघातांनी वाजविली. आपल्या सतारीच्या झाल्यात उजवा हात जो वेग घेतो, त्याची आठवण ती ऐकताना झाल्यावाचून राहत नाही.

एखाद्या श्रोत्याच्या घरी हे संगीत वाजवू इच्छिणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर गिटार निवडताना पाहावयाचे ते असे. पिकअप एकेरी वेटोळ्याचा हवा. दुहेरी वेटोळ्याचा पिकअप १९५५ साली सेथ लव्हर यांनी सिद्ध केला. त्यात दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडलेली असतात, त्यामुळे विजेच्या तारांतून येणारी गुणगुण, जी आपल्याकडे सेकंदास ५० आवर्तनांच्या विद्युत्प्रवाहामुळे उठते, ती एकमेकींना खाऊन टाकते. गुणगुण जाते हे खरे. पण स्वराची धारही थोडी बोथट होते. सर्फ-संगीताला ती धार हवी असते, म्हणून हे वादक थोडी गुणगुण सोसतात आणि बहुधा घोडीजवळचा पिकअप चालू ठेवतात. घोडीजवळ तारेचे वरचे स्वरांश प्रबळ असतात, म्हणून आवाज खणखणीत. घोडीपासून दूर गेले, की मूळ स्वर वाढतो आणि आवाज गोल होतो. फेंडर यांची १९५४ची स्ट्रॅटोकास्टर, १९५८ची जॅझमास्टर आणि १९६२ची जॅग्वार या तिन्ही या कामी नावाजलेल्या. जॅझमास्टरचे वेटोळे रुंद आणि चपटे, म्हणून तिचा स्वर भरघोस. जॅग्वारच्या तारा आखूड, म्हणून तिचा स्वर तुटक आणि टोकदार. तारा जाड घ्याव्यात. डिक डेल तर सर्वांत जाड तार इंचाच्या साठ सहस्रांश एवढी वापरी. नवशिक्याच्या बोटांना मात्र तो हट्ट परवडणारा नाही. आणि शेवटी तो ओला, गुहेतून आल्यासारखा आवाज. तो गिटारचा गुण नव्हेच. पेटीत ताणून बसविलेल्या स्प्रिंगमधून स्वर पाठवावयाचा, तो तिच्या टोकांवर आपटत मागे-पुढे फिरत राहतो, आणि त्याचे प्रतिध्वनी मूळ स्वरात मिसळतात. फेंडर यांनी १९६१ मध्ये अशी स्वतंत्र पेटीच विकावयास काढली. ज्याच्याजवळ गिटारीसाठी बेताचेच पैसे असतील, त्याने साधी एकेरी वेटोळ्याची गिटार घ्यावी आणि उरलेले पैसे या पेटीवर घालावेत, असे माझे मत आहे.

गिटारीचे हे इतके सविस्तर सांगितले ते एका कारणासाठी. हा सारा साज गिटारीच्या स्वभावाला धरून बनला आहे, आणि तो उचलून वीणेला लावला तर काय होते ते आता पाहू.

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. हे लाकूड मुख्यतः पण्रुट्टीच्या बाजूने येते. कुडम् म्हणजे पोकळ घट, त्यापुढे दांडी आणि टोकाला व्याळाचे मुख, अशी तिची घडण. दांडीवर २४ पडदे. ही चोवीस अचल पडद्यांची व्यवस्था १७व्या शतकात, रघुनाथ नायकाच्या कारकिर्दीत स्थिर झाली असे मानतात. पडदे सतारीप्रमाणे दोऱ्याने बांधलेले नसतात. काजळी मिसळलेल्या मेणाच्या दोन वरंब्यांवर ते बसविलेले असतात. मुख्य तारा चार. सारणी आणि पंचम या दोन वरच्या तारा पोलादाच्या, तर मंद्र आणि अनुमंद्र या खालच्या दोन परंपरेने पितळेच्या किंवा काशाच्या. याखेरीज ताल धरणाऱ्या तीन तारा दांडीच्या बगलेने जातात आणि त्या करंगळीने छेडतात. तमिळ भाषेत वीणेच्या घोडीला कुदिरै म्हणतात, आणि कुदिरै म्हणजे घोडाच; दोन भाषांना एकच उपमा सुचावी ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

आता गिटारचा चुंबकी पिकअप या वीणेच्या तारांखाली ठेवा. सारणी आणि पंचम छान बोलतील. मंद्रावर बोट टाकताच आवाज जवळजवळ नाहीसा होईल. कारण पितळ आणि कासे यांना चुंबकाशी काही देणेघेणे नसते, आणि तार कितीही कंपली तरी वेटोळ्याला तिचा पत्ता लागत नाही. तालाच्या तारा पोलादाच्या खऱ्या, पण त्या बगलेला, चुंबकाच्या टापूबाहेर. वीणेचे अर्धे अंग येथेच मुके झाले. पुढची अडचण गमकांची. कर्नाटक संगीतात स्वर सरळ उभा राहत नाही. वादक तार पडद्यावरच आडवी ओढून दोन-दोन, तीन-तीन स्वर चढवितो. गिटारच्या पुष्कळ पिकअपांत प्रत्येक तारेखाली चुंबकाचा वेगळा खुंट असतो. तार त्या खुंटावरून बाजूला ओढली गेली, की आवाज खाली बसतो. म्हणजे ज्या क्षणी गमकाने रंग भरावयाचा, नेमका त्याच क्षणी पिकअप कान फिरवितो. सलग पट्टीचे चुंबक घेतले तर ही अडचण पुष्कळशी दूर होते. चुंबक तारांच्या फार जवळ नेले, तर तेही बाधते. चुंबकाची ओढ तारेच्या कंपनात अडथळा आणते, स्वर लवकर विझतो आणि त्यात एक बेसूर थरथर शिरते.

परंतु या सर्वांहून मोठा आक्षेप निराळाच आहे. चुंबकी पिकअप ऐकतो ती फक्त तार. फणसाचे लाकूड, त्याचा घट, घोडीवरील धातूची पट्टी आणि त्या पट्टीच्या किंचित गोलाईतून उमटणारी जवारी यांतले जे तारेच्या हालचालीत परत येते तेवढेच त्याला कळते. घटातून सभागृहात पसरणारा नाद त्याला ऐकूच येत नाही. मग वर्षानुवर्षे सुकविलेल्या लाकडातून, सुताराने महिनामहिना कोरलेल्या घटासाठी मोजलेली रक्कम कशासाठी? भरीव फळीवर तारा ताणल्या असत्या तरी तोच आवाज आला असता. फेंडर यांनी लाकडाला जाणूनबुजून गप्प बसविले, कारण त्यांना ते गप्पच हवे होते. आपल्याला ते बोलावयास हवे आहे.

म्हणून वीणेसाठी माझा कौल दुसऱ्या जातीच्या पिकअपला आहे. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांत विद्युद्दाब उत्पन्न होतो, हा शोध पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये लावला. याच तत्त्वावर नाण्याएवढी एक चकती करतात आणि ती वाद्याच्या लाकडाला चिकटवितात. ती लाकडाचे कंप ऐकते. तार पोलादाची आहे की पितळेची, हे ती विचारीत नाही. मंद्र, अनुमंद्र आणि तालाच्या तारा, सर्व तिला सारख्याच. ओढलेली तारही तिच्या टापूबाहेर जात नाही.

हिचेही दोष आहेत, आणि ते विक्रेता सहसा सांगत नाही. नखाचा आघात, बोट सरकताना तारेवर होणारा कुरकुर आवाज, करंगळीच्या तालाचा ठोका, हे सारे ती इमानाने पकडते. जागा चुकली तर तालाच्या तारा रागावर कुरघोडी करतात. घोडीला अगदी खेटून चकती लावली तर स्वर काचेसारखा कठीण येतो. फार दूर नेली तर तो क्षीण आणि धूसर होतो. तेव्हा एकाने वाजवावे, दुसऱ्याने दूर बसून ऐकावे आणि चकती बोटबोट सरकवीत जागा शोधावी. अर्धा तास लागेल, पण तो वाया जात नाही. दुसरी गोष्ट अशी, की हा स्फटिक फार अल्प प्रवाह देतो. साध्या ध्वनिवर्धकाला तो थेट जोडला, तर खालचे स्वर गळून जातात आणि वीणा पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. पुष्कळ लोक येथेच चकतीला दोष देतात आणि ती टाकून देतात. वास्तविक दोष जोडणीचा असतो. मध्ये एक लहान प्रीॲम्प्लिफायर हवा, आणि त्याचा प्रवेशीचा विरोध निदान दहा लाख ओहम असावा. तो तसा आहे की नाही हे विकत घेण्यापूर्वी विचारावे.

मग चुंबकी पिकअपला आपल्या संगीतात स्थानच नाही काय? तसे म्हणता येणार नाही. मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. १९६९ साली आंध्रात जन्मलेल्या आणि २०१४ साली निवर्तलेल्या या कलावंताने विद्युत मँडोलिनवर कर्नाटक संगीत असे काही वाजविले, की कट्टर रसिकांनीही मान डोलाविली. मँडोलिनच्या तारा मुळात जोडीजोडीने चार. त्यांनी त्या जोड्या मोडून पाच एकेरी तारा केल्या, म्हणजे तार ओढून गमक घेणे सोयीचे झाले. विद्युत वाद्याचा स्वर रेंगाळत राहतो, त्याचाही त्यांना लाभ झाला. तेथे वाद्य आणि पिकअप एकमेकांना साजेसे होते, आणि लाकडाकडून त्यांची काही अपेक्षाच नव्हती. जुन्या व्हायोलिनवाल्यांनी केले तेच त्यांनी केले.

आता प्रत्यक्ष वीणेच्या खरेदीविषयी. २०१३ साली तंजावर वीणेला भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले, आणि २०२४ साली आपल्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्यालाही ते मिळाले. या शिक्क्याने वाद्य कोठले हे कळते, ते बरे की वाईट हे मात्र कळत नाही. घट, दांडी आणि मुख एकाच खोडातून कोरलेल्या वीणेला एकांड म्हणतात. तिचा मान मोठा आणि किंमतही मोठी. सांधलेली वीणा स्वस्त. सांधलेल्या वीणेला नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. ओल्या लाकडाच्या एकांडापेक्षा नीट सुकलेल्या लाकडाची सांधलेली वीणा केव्हाही बरी. महाराष्ट्रातील ग्राहकाने तर हे विशेष ध्यानात धरावे. कावेरीच्या खोऱ्यातील दमट हवेत घडलेले वाद्य पुण्याच्या किंवा नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आले, की लाकडातला उरलासुरला ओलावा निघून जातो. लाकूड आकसते, सांधा सुटतो किंवा घटाला तडा जातो. खोड तोडून किती वर्षे झाली, हा प्रश्न नक्षीकामाच्या आधी विचारावा. मग डोळा दांडीच्या टोकाशी लावून ती सरळ आहे का ते पाहावे.

पडद्यांची परीक्षा कानाने करावयाची. सारणीच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून तार छेडली, की वरचा षड्ज घंटेसारखा उमटतो. त्यानंतर बाराव्या पडद्यावर तार दाबून तोच षड्ज वाजवावा. दोन्ही जुळले पाहिजेत. दाबलेला स्वर किंचित चढा लागला तर घोडीची जागा बदलून तो सुधारतो. पण एक पडदा जुळतो आणि शेजारचा बिघडतो असे असेल, तर मेण पुन्हा बसवावे लागेल, आणि त्याचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करावी. ही परीक्षा पिकअप न लावता करावी. दुकानात ध्वनिवर्धक जोडून वीणा ऐकविली, तर नम्रपणे तो बंद करावयास सांगावे. उघड्या हवेत जी वीणा घुमत नाही, तिला कोणताही पिकअप घुमवू शकत नाही.

पिकअप बसवून घेताना कारागिराला घटाला भोक पाडू देऊ नये. तार आत नेण्यासाठी ते सोपे पडते, म्हणून तो तसे सुचवील. पण वरची फळी हाच वीणेचा बोलणारा पडदा आहे, आणि त्यावर पाडलेले भोक बुजविता येत नाही. चकती सुटी, काढता-घालता येणारी असावी, आणि ती लाखेने किंवा सरसाने न चिकटविता मऊ चिकणीने बसवावी. घरी रियाजाच्या वेळी ती काढून ठेवावी. आणि मैफलीसाठी वीणा मोटारीतून नेताना ती उन्हात उभ्या असलेल्या गाडीत सोडून चहाला जाऊ नये. बंद गाडीच्या उष्म्याने मेण सैल होते, आणि चोवीस पडद्यांपैकी एक जरी तसूभर खचला, तरी तो पुन्हा बसविणारा हात तंजावरच्या बाहेर सहजी सापडत नाही.